शरीरातील तरफा आणि ओझ्याचे गणित

गावातील हातपंपाचा दांडा खाली दाबला की जमिनीच्या पोटातील पाणी वर येते. हा दांडा म्हणजे एक तरफ होय, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु तो दांडा दाबणारा हात, भरलेली घागर उचलताना वाकणारी पाठ आणि ती डोक्यावर घेतल्यावर तोल सावरणारी मान याही तरफाच आहेत. एवढेच नव्हे, तर शरीरातील बहुतेक तरफा पंपाच्या दांड्याच्या नेमक्या उलट रीतीने रचलेल्या आहेत. पंपाचा दांडा माणसाचे बळ वाचवितो. शरीरातील तरफ मात्र स्नायूंकडून ओझ्याच्या कित्येक पट बळ मागून घेते. हा फरक नीट समजला, तर अवजड काम करणाऱ्यांची कंबर आणि मान कशाने झिजते याचा उलगडा होतो. ती झीज कमी करण्याचे काही उपाय फारसे खर्चाचे नाहीत, हेही ध्यानात येते.

तरफेचा नियम

कोणत्याही तरफेत तीन गोष्टी पाहावयाच्या असतात. ज्या बिंदूभोवती दांडा फिरतो तो टेकू, जे उचलावयाचे तो भार आणि उचलण्यासाठी लावावयाचे ते बल. टेकूपासून बलापर्यंतच्या अंतरास बलभुजा आणि भारापर्यंतच्या अंतरास भारभुजा म्हणतात. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीज या ग्रीक गणितज्ञाने सिद्ध केलेला नियम असा, की तरफ समतोल असताना बल गुणिले बलभुजा हे भार गुणिले भारभुजा याबरोबर असते.

विहीर खणताना पहारीने दगड हलविणारा मजूर हाच नियम वापरीत असतो. पहारीखाली ठेवलेला टेकू दगडापासून १५ सेंटिमीटर आणि हातापासून १५० सेंटिमीटर अंतरावर असेल, तर १०० किलोचा भार १० किलोच्या बलाने हलतो. अर्थात ही बचत फुकट मिळत नाही. दगड १ सेंटिमीटर वर येण्यासाठी हात १० सेंटिमीटर खाली न्यावा लागतो. बळ वाचले की अंतर वाढते आणि अंतर वाचवावयाचे तर बळ जास्त लावावे लागते. तरफ दोन्ही गोष्टी एकाच वेळी देत नाही. पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच आहे.

टेकू, भार आणि बल यांपैकी मध्यभागी काय आहे त्यावरून तरफांचे तीन प्रकार पडतात. टेकू मध्ये असेल तर पहिला प्रकार. तराजू, कात्री व पंपाचा दांडा ही त्याची उदाहरणे होत. भार मध्ये असेल तर दुसरा प्रकार; सुपारीचा अडकित्ता आणि माती वाहण्याची एकचाकी हातगाडी त्यात मोडतात. बल मध्ये असेल तर तिसरा प्रकार. चुलीतील निखारा उचलणारा चिमटा हे त्याचे घरगुती उदाहरण. या तिसऱ्या प्रकारात बलभुजा नेहमीच भारभुजेपेक्षा आखूड असते. म्हणजे त्यात बळ कधीच वाचत नाही, उलट जास्त लागते. शरीरात सर्वांत अधिक आढळणारा प्रकार नेमका हाच आहे.

गावातील तरफ

प्रथम पंपाकडे पाहू. १९७० च्या दशकापूर्वी गावोगाव बसविलेले ओतीव लोखंडी पंप वारंवार नादुरुस्त होत असत. जालना आणि सोलापूर येथे तयार झालेल्या पंपांच्या अनुभवातून या अडचणीवर मार्ग निघाला. सोलापूर पंपाच्या धर्तीवर केंद्र शासन आणि युनिसेफ यांच्या सहकार्याने ‘इंडिया मार्क-२’ हा पंप विकसित झाला. पुढे तो देशभर आणि देशाबाहेरही पोहोचला. या पंपाच्या दांड्याच्या भुजांचे प्रमाण आठास एक असे आहे. आतील दांडी व तिच्यावरील पाणी मिळून ४० किलोचा भार असेल, तर घर्षण सोडून ५ किलोचे बल पुरते. त्याबद्दल हाताला मात्र आतील दांडीच्या आठपट अंतर चालावे लागते. खोल विंधनविहिरीचे पाणी घरातील लहानथोरांना काढता यावे, हा त्यामागील हेतू होय.

कोपर : उलटा पंप

आता पंप मारणाऱ्या हाताकडे वळू. दंडात जी बेटकुळी येते ती द्विशिर स्नायूची. हा स्नायू कंडरेच्या योगे कोपराच्या पुढे साधारणपणे ४ सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो. कोपराचा सांधा हा टेकू आणि तळहातावरील वस्तू हा भार. कोपरापासून तळहातापर्यंतचे अंतर सुमारे ३२ सेंटिमीटर धरले, तर भारभुजा बलभुजेच्या आठपट होते. पंपातही प्रमाण आठास एक असेच आहे. फक्त येथे ते उलटे लागू पडते.

कोपर काटकोनात ठेवून हातात १० किलोची बादली धरली आहे असे समजा. नियमाप्रमाणे १० गुणिले ३२ म्हणजे ३२०. स्नायूची भुजा ४ सेंटिमीटर असल्यामुळे दंडाच्या स्नायूंना ८० किलोचे बल लावावे लागते. हाताचे स्वतःचे वजन यात धरलेलेच नाही. शिवाय स्नायू वर ओढतो आणि बादली खाली ओढते, त्यामुळे दोहोंच्या वजाबाकीइतका, म्हणजे सुमारे ७० किलोचा दाब कोपराच्या सांध्यावर येतो. बादली १० किलोची, परंतु शरीराच्या हिशेबात ती ८० किलोची होते.

मग निसर्गाने अशी तोट्याची रचना का केली? उत्तर तरफेच्या नियमातच आहे. स्नायू फार थोडा आखडू शकतो. तो १ सेंटिमीटर आखडला की तळहात मात्र सुमारे ८ सेंटिमीटर सरकतो आणि तोही तितक्याच वेळात, म्हणजे आठपट वेगाने. गोफण फिरविणे, विळ्याने सपासप कापणी करणे, चेंडू फेकणे, पडणाऱ्या मुलाला चटकन सावरणे या सर्व हालचाली या रचनेमुळेच शक्य होतात. सारांश, माणसाचे हातपाय मुख्यतः वेग आणि आवाका यांसाठी घडलेले आहेत. अवजड ओझी उचलण्यासाठी ते विशेष सोयीचे नाहीत.

ही गोष्ट प्रथम गणिताने मांडण्याचे श्रेय जोव्हान्नी आल्फोन्सो बोरेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाकडे जाते. त्याचा प्राण्यांच्या हालचालींवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८० व १६८१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्नायू आखूड भुजेवर काम करतात आणि म्हणून त्यांना उचललेल्या वजनाच्या कित्येक पट बल लावावे लागते, हे त्याने सांध्यासांध्याचा हिशेब करून दाखविले.

मान, घोटा आणि खुबा

मान ही पहिल्या प्रकारची तरफ होय. कवटी मानेच्या सर्वांत वरच्या मणक्यावर टेकलेली असते आणि डोक्याचा गुरुत्वमध्य या टेकूच्या किंचित पुढे असतो. डोके पुढे पडू नये म्हणून मानेमागील स्नायू ते सतत मागे ओढून धरतात. एस. टी. मध्ये बसल्या जागी डुलकी लागली, की हे स्नायू सैल पडतात आणि हनुवटी छातीवर टेकते. प्रौढ माणसाचे डोके सुमारे ४ ते ५ किलो वजनाचे असते. मान जितकी पुढे झुकेल तितकी त्याची भारभुजा वाढते. तासन्‌तास खाली मान घालून लिहिणाऱ्यांची आणि मोबाइल पाहणाऱ्यांची मान दुखते ती यामुळेच.

टाच उचलून चवड्यावर उभे राहणे हे पाठ्यपुस्तकांतून दुसऱ्या प्रकारच्या तरफेचे उदाहरण म्हणून दिलेले असते. चवडा हा टेकू, घोट्यावरील शरीराचा भार मध्ये आणि टाचेला वर ओढणारे पोटरीचे बल शेवटी. येथे शिक्षकांनी एक सावधगिरी बाळगणे जरूर आहे. या मांडणीवरून पोटरीला शरीराच्या वजनापेक्षा कमी बल पुरते असा समज होतो, पण तो चुकीचा आहे. पोटरीचा स्नायू शरीराबाहेर कोठे बांधलेला नाही. तो टाच वर ओढताना पायाचे हाड तितक्याच बलाने खाली दाबतो, म्हणून घोट्यावरील भारात हे बलही मिळवावे लागते. चवडा ते घोटा १२ सेंटिमीटर आणि घोटा ते टाच ५ सेंटिमीटर धरले, तर एका पायाच्या चवड्यावर उभ्या राहिलेल्या ६० किलोच्या माणसाच्या पोटरीला ६० गुणिले १२ भागिले ५, म्हणजे १४४ किलोचे बल लावावे लागते.

खुब्याचा हिशेब व्यवहारात फार उपयोगी आहे. चालताना दर पावलाला आपण क्षणभर एका पायावर उभे असतो. त्या पायाव्यतिरिक्त उरलेल्या शरीराचे वजन ६० किलोच्या माणसात सुमारे ५० किलो भरते आणि ते खुब्याच्या सांध्यापासून सुमारे १० सेंटिमीटर आतल्या बाजूस असते. त्यास तोलून धरणारे स्नायू सांध्याच्या बाहेरील बाजूस सुमारे ५ सेंटिमीटरवर असतात. म्हणून स्नायूंना १०० किलोचे बल लावावे लागते आणि सांध्यावर दोहोंची बेरीज, म्हणजे १५० किलोचा भार पडतो. खुबा दुखणाऱ्या वृद्धाने काठी कोणत्या हातात धरावी याचे उत्तर यातूनच मिळते. पुष्कळजण ती दुखऱ्या बाजूसच धरतात. ती विरुद्ध हातात धरली, तर काठी व दुखरा खुबा यांत सुमारे ४० सेंटिमीटरची भुजा मिळते. काठीवर ५ किलोचा भार टाकला तरी ४० गुणिले ५ भागिले ५ या हिशेबाने स्नायूंचे ओढणे ४० किलोने हलके होते.

कंबर : सर्वांत महाग तरफ

श्रमिकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरफ कंबरेची. वाकून ओझे उचलताना कंबरेच्या खालच्या मणक्यांमधील चकती टेकूचे काम करते. पाठीचे स्नायू तिच्या मागे सुमारे ५ सेंटिमीटरवर असतात. पुढे मात्र दोन भार असतात. एक हातातील ओझ्याचा, दुसरा कमरेवरील स्वतःच्या शरीराचा.

वाकून, हात पुढे करून २० किलोची भरलेली घागर उचलली आणि ती चकतीपासून ५० सेंटिमीटर दूर असली, तर केवळ तिच्यासाठी पाठीच्या स्नायूंना २०० किलोचे बल लागते. कमरेवरील शरीराचे सुमारे ३० किलो वजन वाकल्यामुळे २५ सेंटिमीटर पुढे गेले असेल, तर त्यासाठी आणखी १५० किलो. एकूण ३५० किलो. हे सारे बल चकतीला दाबीत असते. यातील दुसरा आकडा विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. हातात काहीही नसताना नुसते वाकले तरी हा भार पडतोच. भातलावणी किंवा खुरपणी करणाऱ्या स्त्रिया दिवसभर हाच भार सोशीत असतात.

हे केवळ कागदावरील गणित नव्हे. चकतीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजण्याचे काम स्वीडनमध्ये आल्फ नॅकेमसन यांनी १९६० च्या दशकात केले. १९९९ मध्ये जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या कंबरेतील चकतीत दाबमापक बसवून निरनिराळ्या स्थितींतील दाबाची नोंद प्रसिद्ध केली. सरळ उभे असतानाचा दाब एक मानला, तर २० किलोचे ओझे छातीशी धरले असता तो सुमारे सव्वादोन पट झाला. तेच ओझे छातीपासून ६० सेंटिमीटर दूर धरले असता सुमारे साडेतीन पट भरला. गुडघे वाकवून आणि पाठ सरळ ठेवून उचलताना तो सुमारे ३.४ पट होता. पाठीची कमान करून उचलताना सुमारे ४.६ पट झाला. वजन प्रत्येक वेळी २० किलोच होते. बदलली ती अंतरे आणि पाठीची ठेवण.

अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रातही अंतरास असेच महत्त्व दिले आहे. सर्व परिस्थिती अनुकूल असेल आणि ओझे घोट्यांपासून २५ सेंटिमीटरच्या आत असेल, तर उचलण्याची शिफारस केलेली मर्यादा २३ किलो. अंतर ५० सेंटिमीटर झाले की ती निम्म्यावर, म्हणजे साडेअकरा किलोवर येते. आपल्याकडे धान्याची वा सिमेंटची गोणी ५० किलोची असते, हे येथे आठवावे.

ओझे वाहण्याच्या आपल्या रीती

आपल्या परंपरेतील काही रीती या शास्त्राला धरून आहेत. डोक्यावर चुंबळ ठेवून घागर नेणारी स्त्री ओझे पाठीच्या कण्याच्या थेट वर ठेवते, त्यामुळे भारभुजा जवळजवळ शून्य होते आणि पाठीच्या स्नायूंना फारसे ओढावे लागत नाही. कावडीत दोन्ही टोकांचे भार खांद्याच्या टेकूवर परस्परांना तोलून धरतात. शरीर पुढे वा मागे खेचले जात नाही आणि खांदाही बदलता येतो.

म्हणून डोक्यावरील ओझे निर्धोक असते असे मात्र समजू नये. मानेच्या मणक्यांवर त्याचा पूर्ण दाब येतोच. खाचखळग्यांच्या वाटेवर ओझे किंचित कलले तरी भुजा निर्माण होते आणि मानेला झटका बसतो. शिवाय, खरा धोका ओझे नेण्यापेक्षा उचलण्यात आणि उतरविण्यात अधिक असतो. जमिनीवरील हंडा डोक्यावर जाईपर्यंत तो शरीरापासून दूर असतो आणि त्या काही क्षणांत कंबरेवर सर्वाधिक भार पडतो. दिवसातून दहा खेपा करणारी स्त्री या प्रसंगातून वीस वेळा जात असते.

कायद्यानेही या प्रश्नाची दखल घेतलेली आहे. इजा होण्याचा संभव असेल इतके अवजड ओझे कोणासही उचलावयास लावू नये, हे तत्त्व १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३४ अन्वये घालून देण्यात आले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुष कामगाराच्या बाबतीत ५५ किलोपेक्षा अधिक असलेली मर्यादा शक्य तितक्या लवकर त्या पातळीवर आणावी, अशी शिफारस केली. माथ्यावर व पाठीवर ओझी वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा स्वतंत्र अधिनियम केला. परंतु शेतात, पाणवठ्यावर आणि घरात उचलल्या जाणाऱ्या ओझ्यांचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

काय करता येईल?

ओझे कसे उचलावे हे लोकांना शिकविले म्हणजे काम झाले, असे वाटणे साहजिक आहे. ओझे अंगाशी धरावे, पाय फाकवून गुडघ्यांत वाकावे, उचलताना कंबरेत पिळू नये, वळावयाचे तर पावले टाकून वळावे, हे नियम योग्यच आहेत. परंतु केवळ अशा प्रशिक्षणाने पाठदुखीला आळा बसतो असे पाहणीत आढळलेले नाही. कारण उघड आहे. हंडा जमिनीवरच असेल आणि फावड्याचा दांडा आखूडच असेल, तर माणसाला वाकण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून उपदेशाबरोबर व्यवस्था बदलली पाहिजे आणि हे काम ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहे.

पहिला उपाय पाणवठ्यावरचा. हातपंप किंवा सार्वजनिक नळ यांच्या शेजारी कमरेपेक्षा थोडा उंच असा लहान चौथरा बांधावा. नळाची तोटी अशा उंचीवर असावी की हंडा चौथऱ्यावर ठेवूनच भरता येईल. हातपंपावर तो जमिनीवर भरावा लागत असेल, तर दोघींनी मिळून चौथऱ्यावर ठेवावा. तेथून तो डोक्यावर घेताना वाकावे लागत नाही. घरीही हंडा उतरविण्याची जागा याच उंचीची असावी.

दुसरा उपाय अवजारांचा. फावडे, कुदळ व झाडू यांचे दांडे वापरणाऱ्याच्या उंचीस साजेसे असावेत. शक्य तेथे खुरप्याऐवजी उभ्याने चालविण्याचे सायकल कोळपे वापरल्यास स्वतःच्या शरीराचा जो १५० किलोचा भार आपण वर पाहिला, तो बराचसा टळतो. असे एखादे कोळपे ग्रामपंचायतीने किंवा बचतगटाने घेऊन भाड्याने देणे अवघड नाही.

तिसरा उपाय मातीकामाचा. कामावर एकचाकी हातगाड्या असाव्यात. गाडीत चाक हा टेकू, माती मध्ये आणि हात शेवटी. मातीचे वजन चाकाच्या आसापासून ४० सेंटिमीटरवर आणि मुठी १२० सेंटिमीटरवर असतील, तर गाडीचे स्वतःचे वजन सोडून ६० किलो माती २० किलोच्या बलाने उचलली जाते. जेथे वाट गाडीस योग्य नाही तेथे घमेली काठोकाठ भरू नयेत आणि ती दोघांनी मिळून डोक्यावर द्यावीत. खेपा थोड्या वाढतील, पण कंबरा वाचतील.

शाळेचा वाटा

हा विषय शिकविण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. दाराच्या बिजागरीजवळ बोट लावून दार ढकलण्यास सांगावे आणि मग कडीजवळ ढकलून पाहावे. भरलेले दप्तर प्रथम पोटाशी आणि नंतर हात लांब करून धरावयास लावावे. अर्ध्या मिनिटात भारभुजेचा अर्थ विद्यार्थ्यांच्या खांद्यांना कळतो. मीटरपट्टी पेन्सिलीवर तोलून, दोन्ही बाजूंस नाणी ठेवून नियम पडताळता येतो. पुढे मुलांनी आपापल्या घरातील पाण्याच्या खेपा, हंड्याचे वजन आणि उचलण्याची उंची यांची नोंद करून आणावी. ही नोंद ग्रामसभेपुढे ठेवली, तर चौथरा कोठे हवा हे ठरविण्यास तिचा उपयोग होईल.

दप्तराचाही विचार याच संदर्भात व्हावा. केंद्र शासनाच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे असे सांगितले आहे. वजनाबरोबर अंतरही पाहावे. दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर असावेत, जड पुस्तके पाठीलगतच्या कप्प्यात असावीत आणि दप्तर पाठीपासून लोंबू नये.

खेड्यातील श्रम एका दिवसात संपणार नाहीत. पाणी आणावे लागेल, माती उपसावी लागेल, गोण्याही उचलाव्या लागतील. परंतु पुष्कळदा वजन कमी करणे आपल्या हाती नसले तरी भुजा कमी करणे हाती असते. पंप तयार करणाऱ्यांनी दांड्याची लांबी मोजूनमापून ठरविली. पाणी भरणाऱ्या स्त्रीचा हंडा किती उंचीवर ठेवावयाचा हेही तितक्याच काळजीने ठरविले गेले पाहिजे. येत्या ग्रामसभेत आपल्या गावच्या प्रत्येक पाणवठ्यापाशी चौथरा आहे किंवा कसे, एवढा एक प्रश्न विचारून या कामाची सुरुवात करता येईल.